वरच्या टप्प्याला दम लागतो

गुरुवार, ५ सप्टेंबर

भोंग्यानं आज पुन्हा नाही म्हटलं. आणि मी पुन्हा त्याच्याच दारात जाणार, कारण तीस वर्षांच्या टर्बो गाडीला हात लावणारा दुसरा मेकॅनिक या गावात नाही. अडला हरी! पुढची म्हण लिहीत नाही. त्याला कळली तर तो अख्ख्या गल्लीला ऐकवेल. सगळं आयुष्य इंजिनांच्या गोंगाटात गेल्यामुळे तो कुजबुजला तरी चौकात ऐकू जातं. म्हणून तर भोंगा.

माझी मागणी साधी आहे. म्हातारीला मोठा टर्बो बसवायचा. (म्हातारी म्हणजे गाडी. "घरात दुसरी म्हातारी नाही," असं मी म्हटलं की बायको चष्म्यावरून बघते.) टर्बो मोठा म्हणजे हवा थंड करणारी जाळी मोठी, पेट्रोल सोडणारे इंजेक्टर मोठे, क्लच दणकट, ब्रेक नवे. भोंगा म्हणतो, "आधी जी आहे ती गाडी निरोगी आहे का ते बघू! म्हातारीला पहिलवानाचं हृदय लावून काय करायचं, गुडघे तिचेच ना!"

आणि हे सगळं २० ऑक्टोबरच्या आत व्हायला हवं. त्या दिवशी घाटाची शर्यत आहे. गेल्या वर्षी माझ्या साडूची बॅटरीवरची गाडी आमच्या शेजारून सरकत पुढे गेली. आवाज नाही, धूर नाही. वर त्यानं काच खाली करून हात हलवला! वयानं माझ्यापेक्षा लहान. वर पोचल्यावर म्हणतो, "दादा, जुनं ते सोनं. पण सोनं कपाटात ठेवतात." सगळे हसले. बायकोही हसली, आणि ती तर माझ्या शेजारी बसून आली होती. दरवर्षी बसते. वळण आलं की म्हणते, "दम धरा," आणि वळण संपता संपता, "हां!" टर्बोचं तसंच असतं. पाय दाबला की लगेच काही होत नाही, हवा भरायला क्षणभर जातो, मग पाठीत लाथ बसते. तो क्षण तिला माझ्यापेक्षा नेमका कळतो.

त्या दिवसापासून मी साडूच्या घरी पाय ठेवलेला नाही. सासूबाई तिथेच असतात, धाकट्या लेकीकडे. म्हणून बायको दर गुरुवारी म्हातारीला घेऊन एकटीच जाते. घाट चढून पाण्याच्या टाकीपाशी गाडी लावायची आणि पुढे वळणं घेत जाणाऱ्या पायऱ्या. आज परत आली आणि किल्ली हातात तशीच धरून खुर्चीत बसली. मी सहज विचारलं, "चढ कसा झाला?"

"वरच्या टप्प्याला दम लागतो आताशा," ती म्हणाली. "मधे थांबावं लागतं."

मी ताडकन उठलो. बघा! मी वर्षभर बोंबलतोय की म्हातारीत दम उरला नाही, तर कुणी ऐकत नाही. म्हटलं, "हे तू आधी का नाही सांगितलंस?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही विचारलंत कुठे?"

शनिवार, ७ सप्टेंबर

दिवसभर कवळ्या. हा आमचा पोटापाण्याचा धंदा. खाली कारखाना, वर घर. दंतवैद्य मापं पाठवतो, मी दात बसवतो. आज एका रिटायर मास्तरांची वरची कवळी घासताना डोक्यात टर्बो फिरत होता, हात घसरला, कवळी फुटली. स्वतःलाच चार शिव्या हासडल्या आणि पुन्हा साचा ओतला.

संध्याकाळी म्हातारीला घेऊन घाट चढलो. टाकीपर्यंत. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. काही नाही! वरच्या टप्प्याला खणखणीत चढली. मी चालवतो तेव्हा दम लागत नाही, ती चालवते तेव्हा लागतो. आता हे भोंग्याला कसं सांगायचं?

गुरुवार, १२ सप्टेंबर

आज मी वाट बघत दारातच उभा होतो. आली तशी विचारलं, "दम लागला का?"

"लागला," म्हणाली, आणि हसली. यात हसण्यासारखं काय?

मी नीट विचारपूस केली. आमच्या धंद्यात हे शिकावंच लागतं. म्हातारा म्हणतो उजवीकडे टोचतंय, टोचत असतं डावीकडे. माणूस खोटं बोलत नसतो, त्याला फक्त जागा सांगता येत नाही. खोदून खोदून विचारावं लागतं.

"कुठे सुरू होतं?"

"पूर्वी अगदी वर गेल्यावर व्हायचं. आता दुसऱ्या वळणालाच."

"घरघर?"

"थोडी. आणि धडधड."

"थांबल्यावर?"

"पाच मिनिटांत बरं वाटतं." गाडीबद्दल माणसासारखं बोलायची तिची सवय जुनीच आहे.

"गार हवेत कमी होत असेल ना?"

"छे, गार हवेत जास्त!"

इथे माझं डोकं चक्रावलं. गार हवा म्हणजे टर्बोला मेजवानी. गार हवेत दम वाढायला हवा, इथे उलटंच. मी कपाळाला हात लावून बसलो तर ती म्हणते, "एवढी काळजी करू नका हो. वयाप्रमाणे होणारच थोडंफार." मी म्हटलं, "वयाचं कारण मला सांगू नकोस. नीट काळजी घेतली तर अजून वीस वर्षं कुठे जात नाही." तर डोळ्यांत पाणी! गाडीसाठी! मलाच भरून आलं. इतकी वर्षं मला वाटायचं, हिला म्हातारीचं काही नाही.

रात्री जेवताना काहीतरी गुणगुणत होती.

मंगळवार, १७ सप्टेंबर

भोंग्याकडे दिवस वाया. चारही सिलिंडरचं प्रेशर तपासलं, चारही सारखे, नव्या गाडीला लाजवतील असे. टर्बोचा पंखा हातानं फिरवून बघितला, मोकळा फिरतो, जराही डगमगत नाही. घोडं पेंड कुठे खातंय तेच कळेना. मी त्याला सगळी लक्षणं सांगितली. गार हवेत जास्त, थांबलं की बरं, घरघर, धडधड. तो कपडा खांद्यावर टाकून ऐकत होता. मग ओरडला, "साहेब, गाडीला काहीही झालेलं नाही! झालं असेल तर चालवणाऱ्याला झालंय!"

रस्त्यापलीकडचा न्हावी वस्तरा थांबवून बघायला लागला. माझं डोकंच सणकलं. म्हणजे माझ्या बायकोला गाडी चालवता येत नाही? जिनं या म्हातारीवर आमच्या पोरीला गाडी शिकवली, तिला? चोर सोडून संन्याशाला फाशी! मी भोंग्याला सज्जड दम दिला आणि गाडी घेऊन निघून आलो. वाटेत आठवलं की त्याचा पाना माझ्याच सीटवर राहिलाय. परत करायला जावं लागणार. शी!

गुरुवार, १९ सप्टेंबर

लागला. आज दोनदा थांबावं लागलं म्हणाली.

मेव्हणीचा फोन आला. मला वाटलं, साडूची वकिली करायला केलाय. तर म्हणते, "भावोजी, तुम्ही हल्ली किती चौकशी करता म्हणे! ताई सांगत होती. बरं वाटलं ऐकून." मी म्हटलं, "चौकशी करायलाच हवी, इतकी जुनी झाली की." ती म्हणाली, "इश्श, असं काय बोलता!" या दोघी बहिणींना गाडीचं इतकं कौतुक कधीपासून?

रविवार, २२ सप्टेंबर

भोंग्याला पाना दिला. त्यानं बोलणं काढलं नाही, मीही नाही. तो म्हणाला, सगळ्या रबरी नळ्यांत हवा भरून साबणाचं पाणी लावून बघू, एवढं एक राहिलंय. लावलं. आणि खालच्या नळीच्या वाकणात बुडबुडा आला! बारीकसा, पण आला. मी लहान मुलासारख्या टाळ्या पिटल्या. भोंगा म्हणतो, "एवढ्याशा चिरेनं दम जात नाही!" पण त्याचं कोण ऐकतं? उंटावरचा शहाणा. नळी बदलली. मोठ्या टर्बोचीही ऑर्डर दिली. नळी हे कारण, टर्बो हा इलाज.

घरी आलो तर कपड्यांची बादली जिन्यात मधेच ठेवलेली. ठेचकाळलो. विचारलं तर म्हणते, "राहिली." कपडे गच्चीवर न्यायचे तर एका दमात न्यावेत ना. हल्ली तिचं असंच चाललंय, अर्धवट सगळं. झोपतेही खुर्चीत, मान टेकवून. आडवं पडलं की बरं वाटत नाही म्हणे. गादी कडक आहे, बदलायला हवी. शर्यत झाली की बघतो.

गुरुवार, २६ सप्टेंबर

सकाळी ती निघायच्या आधी मी गाडीत हवेच्या दाबाचा काटा बसवला. स्टिअरिंगच्या डावीकडे, नजरेसमोर. तिला बोलावलं आणि समजावून सांगितलं, "वरच्या टप्प्याला दम लागला की इकडे बघायचं. काटा कुठे आहे ते लक्षात ठेवायचं आणि आल्यावर मला सांगायचं."

ती काट्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मग पुन्हा काट्याकडे.

"म्हणजे तुम्ही हे विचारत होतात?"

"मग काय तर! दर गुरुवारी तेच तर विचारतोय."

"अच्छा," ती म्हणाली.

एवढंच. मला वाटलं होतं, काट्याचं कौतुक करेल. सुंदर बसलाय, मुळातलाच वाटतो. ती काच पुसायचं फडकं माझ्या हातात देऊन गाडीत बसली, पट्टा लावला आणि गेली. आरशातही बघितलं नाही. बायकांना कशाचा राग येईल, ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

संध्याकाळी विचारलं, "दम लागला का?"

"नाही," म्हणाली. "काटा छान वर होता."

नळी! नळीच होती! काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते हेच. मी भोंग्याला फोन करून बातमी दिली. त्यानं नुसतं "हं" केलं, आणि तेही मला फोन कानापासून लांब धरून ऐकावं लागलं.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

दम लागला नाही. काटा वर.

मग मला आनंद का होत नाहीये? विचारलं तर एका शब्दात उत्तर. पूर्वी कसं सविस्तर सांगायची, वळण, घरघर, धडधड. आता मला ओढून काढावं लागतं. म्हटलं, "नीट सांग ना." म्हणाली, "गाडी ठीक आहे. अजून काय सांगू?" हे काय बोलणं झालं?

सोमवार, ७ ऑक्टोबर

टर्बो आला. आणि चुकीचा आला! बसवायची पट्टीच वेगळ्या मापाची. पाठवणाऱ्याला फोन केला तर म्हणतो, तुमच्या गाडीचं साल सांगा. साल सांगितलं तर म्हणतो, "असं? अजून चालू आहे?" मी फोन आपटला. भोंगा म्हणतो, पट्टी घडवून घेऊ, पण शर्यतीच्या आत व्हायचं नाही. म्हणजे २० तारखेला मी याच दमावर साडूसमोर जाणार. संताप संताप झाला. घरी येऊन बायकोला सगळं ऐकवलं. ती स्वयंपाकघराच्या ओट्याला दोन्ही हात टेकून उभी होती. म्हणाली, "मी या वर्षी नाही बसत गाडीत."

"का?"

"कंटाळा आलाय."

"वळणाला 'दम धरा' कोण म्हणणार मग?"

"तुमचं तुम्ही धरा."

इतक्या वर्षांत असं बोलली नव्हती. मीही चिडलो. म्हटलं, "ठीक आहे, मी एकटा जाईन." रात्रभर एकमेकांशी बोललो नाही. ती खुर्चीत, मी पलंगावर.

गुरुवार, १० ऑक्टोबर

आज मीच विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

आजचं आजच लिहितो. नाही लिहिलं तर उद्या मी स्वतःला हे वेगळंच काहीतरी झालं म्हणून सांगेन.

सकाळी कारखान्यात होतो. साडूचा फोन. वर्षभरात पहिलाच. म्हणाला, "दादा, ताबडतोब या. ताई पायऱ्यांवर बसल्यात, दुसऱ्या वळणाला. उठवत नाहीये त्यांना."

आणि मी काय विचारलं? मी विचारलं, "गाडी बंद पडली का?"

तो म्हणाला, "गाडी बरी आहे, दादा."

शेजाऱ्याच्या स्कूटरवरून गेलो. टाकीपाशी म्हातारी नीट लावलेली, चाकं कडेला वळवून, मला आवडते तशी. वर पायऱ्यांच्या दुसऱ्या वळणावर बायको भिंतीला टेकून बसली होती. ओठ निळसर. श्वास ऐकू येत होता. घरघर. गळ्याशी नस उडताना दिसत होती. धडधड. मी खालच्या पायरीवर उभा राहिलो आणि पुढे पाऊलच उचलेना. हे सगळं मला माहीत होतं. पाठ होतं.

साडूनं तिला उचललं. मी पाय धरले. त्याच्याच गाडीतून नेलं, न आवाज करता.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, छातीवर यंत्र फिरवून पडद्यावर बघितलं. हृदयाची एक झडप आकसली आहे म्हणाल्या. पूर्ण उघडत नाही, रक्त पुढे जात नाही, म्हणून चढावर दम लागतो. ऑपरेशन करून झडप बदलावी लागेल, उशीर नको. मग त्यांनी बायकोला विचारलं, "हे कधीपासून होतंय?"

तिच्या तोंडावर ऑक्सिजनची नळी होती. तिनं ती बाजूला केली. "यांना विचारा," म्हणाली. "दर गुरुवारी विचारत होते."

डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. आणि मी सांगितलं. काय करणार? पूर्वी अगदी वर गेल्यावर व्हायचं, मग दुसऱ्या वळणाला. आधी एकदा थांबावं लागायचं, मग दोनदा. थांबलं की पाच मिनिटांत बरं. गार हवेत जास्त. आडवं पडलं की त्रास, म्हणून खुर्चीत झोप. त्या भराभर लिहून घेत होत्या. लिहून झाल्यावर म्हणाल्या, "बायकोकडे इतकं बारीक लक्ष देणारा नवरा मी पहिल्यांदाच बघतेय."

मी बायकोकडे बघितलं. ती भिंतीकडे बघत होती.

रविवार, २० ऑक्टोबर

आज शर्यत होती म्हणे. साडू गेला नाही. सकाळपासून माझ्याबरोबर दवाखान्याच्या बाकावर बसलाय. एकदा मला पाणी आणून दिलं, एकदा विचारलं, "दादा, गाडी टाकीपाशीच आहे, खाली आणू का?" मी म्हटलं, राहू दे.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

उद्या ऑपरेशन. पोरगी येऊन पोचली. आईजवळ बसून तिचे केस विंचरते. मला म्हणाली, "बाबा, बरं झालं तुम्ही लक्ष ठेवून होतात." म्हणजे ही गोष्ट आता घरभर झाली. मेव्हणीलाही तेच वाटतं. सगळ्यांना तेच वाटतं, एकीला सोडून. आणि ती एक शब्द बोलत नाही. मला तिनं चारचौघांत फाडून खाल्लं असतं तरी चाललं असतं. ही झाकली मूठ माझ्याच्यानं सोसवत नाही.

भोंग्याला फोन करून सांगितलं, टर्बो परत पाठव. का, ते सांगितलं. त्याचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा हळू ऐकला. "वहिनींना?" म्हणाला. "अरेरे." मग म्हणाला, "साहेब, मी तेव्हा गंमत केली होती हो."

बुधवार, २३ ऑक्टोबर

झालं. नीट झालं म्हणतात. अजून शुद्धीवर नाही. काचेतून दाखवली. छाती वरखाली होत होती, एका लयीत. मी बघत उभा राहिलो. नर्सनं दोनदा बाजूला व्हायला सांगितलं.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

आज तिला चालवायला सांगितलंय. खोलीपासून जिन्यापर्यंत आणि परत. पोरगी घरी आंघोळीला गेली होती, म्हणून दोघंच. ती माझ्या दंडाला धरून निघाली. तिच्या पायांत माझे मोजे. एक खोली, दुसरी खोली, पाण्याचा नळ. मलाच राहवेना. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "दम लागतोय का?"

ती थांबली. कठड्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे चांगलं निरखून बघितलं. ती काटा बघत होती ना त्या दिवशी, तसंच.

"मला विचारताय की तिला?"

सांगायचं किती ठरवलं होतं या दिवसांत. माफी मागायची, सगळं पहिल्यापासून सांगायचं, अमुक म्हणायचं, तमुक म्हणायचं. एकच शब्द आला.

"तुला."

"मग लागतोय," ती म्हणाली, आणि भिंतीला लागून बाक होता त्यावर बसली.

मी शेजारी बसलो. पाच मिनिटं तसेच बसून राहिलो. मग तिनं माझ्या हातावर हात ठेवून उठायला आधार घेतला, आणि आम्ही पुढे जिन्याकडे निघालो.